एक्स्चेंज हरलं, तारा जिंकल्या

१९५० च्या दशकात टेक्सासमधल्या तेलविहिरींवर आणि गुरांच्या अफाट कुरणांवर काम करणाऱ्यांचा एक रोजचा वैताग होता. गाडीत वायरलेस सेट असायचा, कचेरीत त्याचं बेस स्टेशन असायचं आणि त्याच टेबलावर टेलिफोनही असायचा. पण या दोघांची एकमेकांशी गाठ नव्हती. शहरातून फोन आला की कचेरीतला माणूस तो एका कानानं ऐकायचा आणि हातातल्या माइकवर पुढं सांगायचा. डॅलसच्या टॉम कार्टरनं यावर तोडगा काढला. रिसीव्हरच्या मापाची खोबण असलेलं एक खोकं. फोन आला की रिसीव्हर त्या खोबणीत ठेवून द्यायचा. त्याच्या ऐकायच्या टोकाशी माइक, बोलायच्या टोकाशी छोटा स्पीकर. पलीकडचा माणूस बोलू लागला की खोक्यातलं सर्किट आवाज ओळखून वायरलेसचा ट्रान्समीटर आपोआप चालू करायचं. तो थांबला की बंद. टेलिफोनच्या तारेला कार्टरच्या तारेचा स्पर्शही होत नव्हता, मधे फक्त हवा होती. १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे साडेतीन हजार ‘कार्टरफोन’ खपले.

एटी अँड टी कंपनीला हे मानवणारं नव्हतं. अमेरिकेतली बहुतेक टेलिफोनसेवा तिच्या हातात होती, आणि तार, खांब, एक्स्चेंज इतकंच काय, गिऱ्हाइकाच्या टेबलावरचा फोनसुद्धा तिच्याच मालकीचा असे. गिऱ्हाईक फक्त भाडं भरायचं. दुसऱ्या कुणाचीही वस्तू त्या फोनला जोडायची नाही, असा दरपत्रकातच नियम होता. याआधी ‘हश-अ-फोन’ नावाची, बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरच्या तोंडाशी बसवायची एक साधी पेल्यासारखी वस्तू निघाली होती. कंपनीनं तिलाही हरकत घेतली आणि ते भांडण १९५६ साली अपील न्यायालयात कंपनीच्या विरोधात निकाली निघालं. कार्टरनंही माघार घेतली नाही. त्यानं दावा लावला, न्यायालयानं तो फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे पाठवला आणि जून १९६८ मध्ये कमिशननं निर्णय दिला: जाळ्याला इजा होत नसेल तर गिऱ्हाइकाला आपली वस्तू जोडण्याचा हक्क आहे.

ऑफिसातल्या डेटा-नेटवर्कचा इतिहास सांगणारे लोक सहसा संगणकापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती या निकालापासून करावी. कारण या निकालानं दोन धंदे उभे राहिले. एक मोडेमचा. तोवर स्वतंत्र कंपन्यांचे मोडेमही कार्टरफोनसारखेच रिसीव्हरला कानाशी-तोंडाशी चिकटून काम करत. दुसरा धंदा ऑफिसच्या खासगी एक्स्चेंजचा. अमेरिकेत त्याला पीबीएक्स म्हणत. आपल्याकडं पुढं ईपीएबीएक्स हे लांबलचक नाव रुळलं आणि रोजच्या बोलण्यात त्याचं ‘बोर्ड’ किंवा नुसतं ‘एक्स्चेंज’ झालं.

एटी अँड टीनं निकालानंतरही खोडा घालून पाहिला. परक्या यंत्राआधी आमचं ‘संरक्षक’ खोकं बसवा आणि त्याचं मासिक भाडं भरा, अशी अट तिनं घातली. हे भाड्याचं प्रकरण जवळपास दशकभर चाललं. शेवटी कमिशननं यंत्रांच्या नोंदणीची पद्धत आणली: यंत्र एकदा तपासून नोंदवलं की ते ठरावीक सॉकेटात कुणीही खोचावं. टेलिफोनची ती छोटी पारदर्शक पिन, जिला आपले लाईनमन आजही आरजे-११ म्हणतात, तिच्या नावातला ‘आर’ हा त्याच नोंदणीचा आहे.

आता कॅलिफोर्नियाकडे. राइस विद्यापीठात शिकलेल्या रिचेसन, ऑश्मन, लोवेनस्टर्न आणि मॅक्सफील्ड या चार इंजिनिअरांनी १९६९ साली आडनावांची आद्याक्षरं जोडून रोल्म नावाची कंपनी काढली. त्यांचा पहिला माल टेलिफोनचा नव्हताच. डेटा जनरल कंपनीचा ‘नोव्हा’ हा छोटा संगणक परवाना घेऊन ते लष्करासाठी दणकट रूपात बनवत. धक्के, धूळ, उन्हातान्हात टिकणारा. हे गिऱ्हाईक चांगलं होतं, पण मोजकं. दुसरी बाजारपेठ शोधताना त्यांची नजर कार्टरनं उघडलेल्या दाराकडे गेली. लष्करी संगणक बनवणाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंज का बनवावं? तर एक्स्चेंज म्हणजे कोण कुणाशी जोडायचं हे ठरवणारं यंत्र, आणि ठरवण्याचं काम संगणक जास्त बरं करतो. १९७५ साली त्यांचं सीबीएक्स बाजारात आलं. त्याच वर्षी कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमनं एसएल-१ आणलं, आणि एटी अँड टीच्या बेल सिस्टिमनंही आपलं डायमेन्शन काढलं.

सीबीएक्स विकलं गेलं ते तंत्रज्ञानाच्या कौतुकापोटी नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबनिसांना त्यातल्या तीन गोष्टी आवडल्या. पहिली, बाहेरगावचा कॉल कोणत्या लाईननं स्वस्त पडेल ते यंत्र स्वतः बघून तिकडून धाडायचं. दुसरी, कुणी कुठं किती मिनिटं बोललं याची नोंद छापून मिळायची. तिसरी गोष्ट सगळ्यांत बिनझगमगीची, पण मला वाटतं तीच निर्णायक: माणसाचं टेबल हललं की बेलचा मेकॅनिक येऊन तारा बदलेपर्यंत दिवस जात आणि पैसेही पडत, इथं कळफलकावर दोन ओळी टाइप केल्या की एक्स्टेन्शन नंबर नव्या टेबलावर हजर.

हे सगळं होत असताना एक्स्चेंजच्या पोटात आवाजाचे आकडे होऊ लागले होते. बोलण्याची लाट सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. गुणाकार केला की सेकंदाला ६४,००० बिट. जगभरच्या डिजिटल टेलिफोनीनं हाच आकडा प्रमाण मानला. एका तारेवर अनेकांचे आकडे पाळीपाळीनं पाठवता येतात. प्रत्येक संभाषणाला ठरलेल्या क्रमानं एक क्षणाचा कप्पा मिळतो. अमेरिकेत असे २४ कप्पे एका टी-१ लाईनवर, युरोपात आणि भारतात ३२ कप्पे एका ई-१ लाईनवर. मग सत्तरीच्या शेवटाला कुणाच्याही डोक्यात यावं तेच सगळ्यांच्या डोक्यात आलं: आवाजाचे आकडे जर या तारेवरून जातात, तर संगणकाचे का नको?

प्रश्नाला निकड होती. तोवर कचेऱ्यांत टर्मिनलं पसरली होती. आयबीएमच्या ३२७० जातीच्या प्रत्येक टर्मिनलपासून कंट्रोलरपर्यंत एक स्वतंत्र जाड कोॲक्शियल केबल ओढावी लागे. शंभर टर्मिनलं म्हणजे शंभर केबली. माणसाची बदली झाली की जुनी केबल भिंतीत तशीच सोडून नवी ओढायची, त्यामुळं इमारतींच्या नळ्या गच्च भरून गेल्या. टेलिफोनच्या मात्र प्रत्येक टेबलापर्यंत दोन-तीन जोड्या तारा आधीच पोचलेल्या, त्यातली एखादी रिकामीच. पीबीएक्स विकणाऱ्याचं बोलणं इथून सोपं व्हायचं.

युरोपात याचा मासला आधीच दिसला होता. आयबीएमनं १९६९ पासून तिथं २७५० आणि मग ३७५० अशी संगणकी एक्स्चेंजं विकली, आणि फोनची बटणं दाबूनच आकडे मुख्य संगणकाकडे धाडायची सोय त्यांत होती. वेगळं टर्मिनल घ्यायची गरज नाही, टेबलावरचा फोनच पुरे. फोनची बटणं हाच संगणकाचा कळफलक होऊ शकतो ही कल्पना आज बँकेतली शिल्लक ऐकताना आपण वापरतो. तेव्हा ती नवलाईची होती.

अमेरिकेत हा प्रकार अधिक थाटाचा झाला. फोनच्या आतच किंवा शेजारी एक ‘डेटा मोड्यूल’ बसायचं. त्याच्या मागं आरएस-२३२ चं पंचवीस पिनांचं सॉकेट, त्यात टर्मिनलची केबल. ऑपरेटरनं टर्मिनलवर एन्टर दाबलं की पडद्यावर एक्स्चेंजच विचारायचं, कुणाला जोडू? आकड्यांऐवजी नाव टाइप करायचं, समजा ‘पेरोल’, आणि एक्स्चेंज त्या संगणकाच्या मोकळ्या पोर्टला कॉल लावून द्यायचं. पोर्ट रिकामं नसेल तर रांगेत उभं करायचं. त्याच वेळी फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलणंही चालू ठेवता यायचं, आणि दोन्ही एकाच बारीक तारेवरून. बाहेरच्या संगणकाशी बोलायचं तर प्रत्येकाला मोडेम घेऊन द्यायची गरज नव्हती. एक्स्चेंजच्या खोलीत सात-आठ मोडेमांचा साठा ठेवायचा आणि लागेल त्याला लागेल तेव्हा तो द्यायचा. याला ‘मोडेम पूल’ म्हणत. खरं सांगायचं तर सुबक व्यवस्था होती, आणि ज्यांनी ती वापरली त्यांनी तिला नावं ठेवल्याचं फारसं दिसत नाही.

मग सुरू झाली पळापळ. जगातल्या सगळ्यांत मोठ्या संगणक कंपनीला अमेरिकेत विकायला पीबीएक्स हवं होतं. आयबीएमनं आधी कॅनडाच्या मायटेलशी करार केला, पण मायटेलच्या नव्या यंत्राला उशीर होत गेला आणि १९८३ मध्ये तो करार मोडला. त्याच वर्षी आयबीएमनं रोल्मचे १५ टक्के शेअर घेतले, आणि १९८४ मध्ये सुमारे सव्वा अब्ज डॉलर मोजून सगळी कंपनीच विकत घेतली. आयबीएमनं एक मोठी कंपनी अख्खी विकत घ्यावी ही तेव्हा दुर्मिळ गोष्ट होती. १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचे सरकारी खटल्यामुळं तुकडे झाले. स्थानिक टेलिफोन कंपन्या वेगळ्या निघाल्या आणि उरलेल्या एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरायची मुभा मिळाली. तिनं सिस्टिम ८५ आणि सिस्टिम ७५ ही नवी एक्स्चेंजं पुढं केली. संगणकवाला टेलिफोनात आणि टेलिफोनवाला संगणकात, असे दोन राक्षस एकमेकांच्या अंगणात उतरले होते. नव्या कंपन्याही निघाल्या आणि ‘चौथ्या पिढीचं पीबीएक्स’ अशा घोषणांनी व्यापारी मासिकांची पानं भरली. रोल्मनं झाडांची नावं देऊन यंत्रं काढली: सायप्रस म्हणजे फोन आणि टर्मिनल एकाच खोक्यात, सीडर म्हणजे फोन आणि पीसी एकत्र, जुनिपर म्हणजे आधीच्या पीसीला जोडायचा फोन.

रोल्मचं सांता क्लारामधलं आवार पोहण्याच्या तलावासाठी प्रसिद्ध होतं, आणि काही वर्षं नोकरी झाली की माणसांना तिथं लांब पगारी रजा मिळे. आयबीएमचे कोट-टायवाले तिथं आले तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांचं काय करावं ते कळलं नाही असं म्हणतात. पण आयबीएम आणि रोल्मचं हे लग्न पुढं मोडलं ते संस्कृतीच्या भांडणानं, ही मला अर्धवट गोष्ट वाटते. गणितच चुकलं होतं.

डेन्मार्कच्या एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं, त्यावर जगातली सगळी एक्स्चेंजं उभी आहेत. ते गणित असं की सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. गर्दीच्या तासातसुद्धा ऑफिसातला एक फोन सरासरी पाच-सहा मिनिटं गुंतलेला असतो. म्हणून शंभर एक्स्टेन्शनांना शंभर वाटा लागत नाहीत. त्याच्या लहानशा हिश्श्यात भागतं. टर्मिनलवरचा कारकून मात्र सकाळी नऊला लॉगइन होतो आणि पाचला उठतो. त्याचा ‘कॉल’ आठ तासांचा. एक टर्मिनल म्हणजे दहा फोनांची गर्दी. चाळीस टर्मिनलं जोडली की साध्या बोलण्यासाठी फोन उचलणाऱ्याला एंगेज टोन ऐकू यायला लागे. एक्स्चेंज मोठं घ्यायचं, तर खर्च वाढतो आणि मूळ मुद्दाच निकालात निघतो.

त्याहून वाईट म्हणजे हा आठ तासांचा कॉल बहुतेक वेळ रिकामा असतो. कारकून पडद्याकडे बघत असतो, कागद उलटत असतो, चहा पीत असतो. मग मधेच अर्ध्या सेकंदात पडदाभर माहिती एकदम हवी असते. टेलिफोनची पद्धत म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी सकाळपासून आरक्षित करून स्टँडवर उभी ठेवायची, आणि तो निघाला की ती ठरलेल्या हळू वेगानंच न्यायची. आवाजाला असाच सरळ, सारख्या गतीचा रस्ता हवा असतो. संगणकाचं काम झटक्याझटक्यानं चालतं.

वेगाचा हिशेब तर अगदीच उघडा पडला. पीसीच्या ३६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीवरचा मजकूर १९,२०० बिट वेगानं धाडायचा तर तीन मिनिटांहून जास्त लागत. ९,६०० च्या वेगानं सहा मिनिटांहून जास्त. तेवढ्यात माणूस फ्लॉपी हातात घेऊन जिना चढून दोन मजले वर पोचतो. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट या नेटवर्कच्या तारेवर मात्र सेकंदाला एक कोटी बिट धावत. तिथं हेच काम कागदावरच्या हिशेबानं सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळात व्हायचं. प्रत्यक्षात जरा जास्त, पण चहाचा घोट घेण्याइतकंही नाही. टर्मिनलचा काळ होता तोवर एक्स्चेंजचा वेग पुरत होता. टेबलावर पीसी आला, त्याला सर्व्हरवरच्या फाइली उघडायच्या होत्या, सामायिक प्रिंटरवर छापायचं होतं. ६४ किलोबिट हे मापच आखूड पडलं.

इथरनेटचा जन्म झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेतला, १९७३ चा. बॉब मेटकाफ यांचा. पण इथरनेटच्याही वाटेत काटे होते. सुरुवातीची केबल बोटाएवढी जाड, पिवळी, वाकता वाकत नसे. तिला खिळ्यासारखी सुई टोचून संगणक जोडावा लागे. पुढं पातळ कोॲक्शियल आली, ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माळेसारखी जायची. एखाद्यानं खुर्ची सरकवताना मधला जोड सैल केला की अख्ख्या मजल्याचं नेटवर्क झोपायचं, आणि दोष कुठं आहे ते शोधायला एकेक जोड तपासत हिंडावं लागायचं. ही केबल सगळ्या इमारतीत नव्यानं ओढायची म्हणजे खर्च आणि तोडफोड, जी टाळण्यासाठी लोक पीबीएक्सकडे वळले होते.

या कहाणीचं वळण इथं आहे. इथरनेटवाल्यांनी पीबीएक्सला हरवलं ते त्याच्याच तारा घेऊन. एटी अँड टीनं स्टारलॅन नावाचं, टेलिफोनच्या साध्या पिळाच्या तारांवर सेकंदाला दहा लाख बिट पाठवणारं नेटवर्क काढलं. झेरॉक्समधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९८५ साली सिनॉप्टिक्स कंपनी काढून इथरनेटचा पूर्ण वेग टेलिफोनी तारांवर चालवून दाखवला. १९९० मध्ये त्याचं १०बेस-टी हे प्रमाण ठरलं. त्यात माळ गेली. प्रत्येक टेबलापासून स्वतंत्र पिळाची तार निघून मजल्यावरच्या एका कपाटात जाते, आणि तिथं हबला जोडली जाते. ही मांडणी टेलिफोनचीच, कपाट टेलिफोनचंच, तार ओढणारे कारागीरसुद्धा टेलिफोनचेच. एकाची तार सैल झाली तर त्या एकाचंच काम अडतं, हा गुणही टेलिफोनचा.

निळ्या किंवा करड्या नेटवर्क केबलचं टोक कधी सोलून बघा. आत चार जोड्या असतात: निळी, केशरी, हिरवी, तपकिरी. १०बेस-टी इथरनेट १-२ आणि ३-६ या पिनांवर चालतं. मधल्या ४ आणि ५ या सलग पिना मात्र त्यानं वापरल्या नाहीत. कारण त्या निळ्या जोडीच्या, आणि टेलिफोनच्या सॉकेटात लाईन मधल्या पिनांवरच येते. जुन्या लाईनीच्या घंटेचा चढा विजेचा दाब संगणकात शिरू नये, आणि एकाच तारेत फोन व संगणक दोन्ही नांदावेत, म्हणून ती जागा सोडली गेली. आपल्याकडच्या कामगारांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. एकच केबल भिंतीतून आणायची, केशरी-हिरवी जोडी संगणकाला आणि निळी जोडी फोनला, दोन्ही टोकं कपाटातल्या क्रोनवर, म्हणजे तारा खोचायच्या पट्टीवर, दाबायची. दुसऱ्या केबलीचे पैसे वाचले. हे प्रमाणाच्या पुस्तकात बसत नाही, पण मुंबई-पुण्याच्या कित्येक कचेऱ्या अशाच चालल्या आहेत.

भारतात ही लढाई वेगळ्याच कारणासाठी लढली गेली, किंवा जवळजवळ लढलीच गेली नाही. १९८४ हे वर्ष इथंही महत्त्वाचं. त्याच साली टेलिफोन आणि ऑफिसची एक्स्चेंजं बनवायला खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली, आणि ऑगस्टमध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली. तिच्यामागचे सॅम पित्रोदा हे शिकागोच्या वेस्कॉम कंपनीत डिजिटल एक्स्चेंजचं काम करून आलेले. म्हणजे रोल्म ज्या लाटेवर स्वार होती त्याच लाटेतला हा माणूस. सी-डॉटच्या पहिल्या यशस्वी मालांत १२८ पोर्टचं यंत्र होतं. त्याचं एक रूप गावासाठी, वातानुकूलनाशिवाय धुळीत चालणारं ग्रामीण एक्स्चेंज. दुसरं ऑफिससाठी, ईपीएबीएक्स. तंत्र अनेक कारखानदारांना परवान्यावर दिलं गेलं.

पण इथल्या गिऱ्हाइकाच्या अडचणी अमेरिकेतल्या नव्हत्या. मुंबईत नवी लाईन मिळायला वर्षानुवर्षं लागत, म्हणून हातात असलेल्या चार-सहा लाईनी चाळीस माणसांत कशा पुरवायच्या हा प्रश्न. शून्य दाबून बाहेरची लाईन घ्यायची मुभा कुणाला आणि कुणाला नाही, एसटीडी कुणाच्या फोनवर बंद ठेवायची, हेच बोर्डाचं मुख्य काम. यंत्राच्या मागं आरएस-२३२ चं पोर्ट इथंही होतं, पण बहुतेक ठिकाणी त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला असे. दिवसभर तो करकरत कॉलची यादी छापायचा, आणि महिनाअखेरीला साहेब लाल शाईनं घरगुती कॉलांवर खुणा करायचे. रोल्मनं ज्या सोयीसाठी यंत्र विकलं, तिचा इतका मनापासून उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. टर्मिनल जोडायचं डेटा मोड्यूल आपल्याकडं फारसं आलंच नाही. संगणक पसरले ते नव्वदीत, आणि ते आले तेव्हा इथरनेट घेऊनच आले.

दोन शहरांतली ऑफिसं जोडण्याच्या कामी मात्र एक्स्चेंजचा डेटाशी खरा संबंध आला. मुख्य कचेरी आणि कारखाना यांच्यामधे भाड्याची लाईन घ्यायची, तिला मल्टिप्लेक्सर लावायचा, आणि त्याच लाईनवर काही वाटा दोन्हीकडच्या एक्स्चेंजना व उरलेल्या संगणकांना द्यायच्या. इकडच्या माणसानं तिकडचं एक्स्टेन्शन थेट फिरवायचं. पुढं आयएसडीएन, म्हणजे टेलिफोनची डिजिटल लाईन, आलं. ते घराघरांत पोचायची स्वप्नं होती, ती फळली नाहीत. पण त्यातली पीआरआय ही मोठी लाईन ऑफिसांनी उचलून धरली. एका लाईनवर ३० संभाषणं, आणि प्रत्येक टेबलाचा थेट नंबर. कॉल सेंटरांचा सगळा सुरुवातीचा संसार पीआरआयवर उभा राहिला.

मग उलटा प्रवाह सुरू झाला. डेटानं टेलिफोनच्या घरात राहण्याऐवजी टेलिफोनच डेटाच्या घरात राहायला गेला. १९९८ मध्ये सिस्कोनं डॅलसचीच सेल्सियस सिस्टिम्स ही छोटी कंपनी १४.५ कोटी डॉलरना घेतली. तिचं एक्स्चेंज म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आणि फोन म्हणजे इथरनेटला जोडलेली वस्तू. १९९९ मध्ये अलाबामातल्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या लिनक्स-सेवेसाठी पीबीएक्स हवं होतं. परवडेना, म्हणून त्यानं स्वतःच लिहिलं आणि ‘ॲस्टेरिस्क’ या नावानं सगळ्यांना फुकट खुलं केलं. रोल्मनं लाखो डॉलरना विकलेल्या बहुतेक सोयी आता जुन्या पीसीवर चालू लागल्या.

तांत्रिक तपशिलात जुनी ओळख मात्र टिकून राहिली. इथरनेटवरचा फोन आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो. प्रत्येक तुकड्यात १६० बाइट, सेकंदाला ५० तुकडे. बाइटमधले ८ बिट धरून गुणाकार करून पाहा, तोच ६४,००० चा आकडा निघतो. फोनला वीजही नेटवर्कच्या तारेतूनच द्यायचं २००३ मध्ये प्रमाण झालं, आणि त्यासाठी साधारण ४८ व्होल्टचा दाब ठरला. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्या कित्येक पिढ्या हाच दाब देत आल्या होत्या.

आपल्याकडच्या कायद्यानं मात्र हा मिलाफ दीर्घकाळ होऊ दिला नाही. २००२ मध्ये इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण इंटरनेटवरचा आवाज आणि साध्या टेलिफोनचा आवाज एकमेकांत मिसळायचा नाही या अटीवर. नाहीतर एसटीडी-आयएसडीचा महसूल बुडाला असता. म्हणून एकाच एक्स्चेंजच्या पोटात सॉफ्टवेअरची भिंत घालावी लागे. तिला ‘लॉजिकल पार्टिशन’ म्हणत. ऑफिसच्या खासगी नेटवर्कवरून अमेरिकेहून आलेला कॉल इथल्या साध्या लँडलाईनकडे वळवता येऊ नये, एवढ्यासाठी ही भिंत, आणि ती शाबूत आहे हे दूरसंचार खात्याला दाखवावं लागे. यंत्राला जे सहज जमत होतं ते त्याला येत नाही असं सिद्ध करण्यात इंजिनिअरांची वर्षं गेली. कॉल सेंटरांसारख्या सेवादात्यांवरच्या या नियमांचा बराचसा जाच नोव्हेंबर २०२० मध्ये संपला, उरलेला जून २०२१ मध्ये आणखी सैल झाला. करोनानं माणसं घरून फोन घ्यायला लागली नसती तर ही तारीख इतक्या लवकर आली असती असं मला वाटत नाही.

रोल्मचं पुढं काय झालं? १९८८ मध्ये आयबीएमनं तिचा कारखाना आणि संशोधन सीमेन्सला विकायचं ठरवलं, आणि काही वर्षांत सगळंच सीमेन्सकडे गेलं. सीमेन्सच्या या धंद्याचं २०१३ मध्ये ‘युनिफाय’ असं नामकरण झालं, २०१६ मध्ये ते आटोसनं घेतलं, आणि २०२३ मध्ये आटोसनं ते विकलं मायटेलला. म्हणजे आयबीएमनं रोल्मकडे वळण्यापूर्वी जिला सोडलं होतं त्याच मायटेलला. मार्च २०२५ मध्ये मायटेलनं अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं, आणि कर्जाची फेररचना करून त्याच वर्षी ती त्यातून बाहेर आली.